निर्भेळ

द्राक्षाच्या माणसाने ज्या काही अवस्था करून ठेवल्या आहेत, त्यांतल्या दोनच आमच्या घरात पूर्वापार मान्य होत्या. एक बेदाणा आणि दुसरी द्राक्षासव. बेदाणा शिऱ्यात आणि द्राक्षासव आजीच्या उशाशी. दोन्ही वेळच्या जेवणानंतर चार चमचे, समभाग पाण्यातून. त्या बाटलीच्या लेबलावर बारीक अक्षरांत 'स्वयंजनित मद्यार्क अमुक टक्के' असं छापलेलं असे. पण आजी चष्मा लावून फक्त पोथी वाचायची, लेबलं वाचायची नाही. त्यामुळे शेजारच्या बिऱ्हाडातला कर्ता पुरुष महिन्यातून एकदा 'घेऊन' येतो म्हणून त्या बिऱ्हाडाशी हळदीकुंकवाचे संबंधसुद्धा तोडणारी माझी आजी स्वतः मात्र दिवसातून दोनदा घेत होती, आणि घेतल्यावर तिला झोप फार छान लागत असे. त्याचं श्रेय ती रामरक्षेला द्यायची.

घराण्याची ही पार्श्वभूमी आधीच सांगून टाकली, म्हणजे २०२३ सालच्या जून महिन्यात मी दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए नावाच्या शहरात एका खानावळीत, रात्रीचे नऊ वाजता, लख्ख उजेडात, वाइनचा ग्लास नाकाशी धरून बसलो होतो याचा कुणाला फार धक्का बसू नये. लख्ख उजेडात म्हणालो ते खरं आहे. जूनमध्ये तिथे साडेनऊपर्यंत सूर्य मावळत नाही. 'दिवेलागणीनंतरच घ्यायची' एवढा एकच नियम पाळणाऱ्या सज्जनांचे तिथे फार हाल होत असणार.

मला तिथे नेणारा माणूस म्हणजे बापू. बापू मूळचा तासगावचा. वडील द्राक्षबागाईतदार. १९७४ साली एका तालुक्याच्या गावी, कॉलेजच्या वसतिगृहात, आम्ही एका खोलीत राहिलो, एका स्टोव्हवर चहा केला आणि एका मेसचं दूध प्यालो. 'दूध' हे मी त्या मेसच्या भाषेत म्हणतो आहे. या दुधाकडे मला परत यायचं आहे, म्हणून आत्ता नुसतं झाकून ठेवतो. पुढे बापू शेतकीकडे गेला, द्राक्षांच्या रोगांवर त्याने काहीतरी बारीक संशोधन केलं, आणि १९८३ साली फ्रान्सला गेला तो तिथलाच झाला. एवढ्या वर्षांत त्याची फ्रेंच किती सुधारली ते मला कळायचं कारण नाही. मराठी मात्र १९८३ साली बरणीत घालून फडकं बांधून ठेवल्यासारखी आहे. माझा मुलगा नोकरीसाठी पॅरिसला असतो. त्याच्याकडे गेलो होतो, तर बापूचा फोन आला, "पॅरिसात काय बघतोस लेका, खांब? माझ्याकडं ये." तो 'खांब' आयफेलचा होता.

साडेतीन तासांच्या आगगाडीने उतरलो, तर या माणसाने मला घरी न नेता स्टेशनसमोरच्या बागेत नेलं आणि एका पुतळ्यापुढे उभं केलं. वर एक दाढीवाले गृहस्थ; खाली एक शेतकरी त्यांना द्राक्षाचा घड देतो आहे. बापूने देवळात करावा तसा उभ्या उभ्या नमस्कार केला.

"हे कोण?" मी विचारलं.

"प्लाँशाँ. हे नसते तर आज रात्री तू पाणी प्याला असतास."

मी पाणीच पिणार होतो, हे मी त्याला बोललो नाही.

झालं होतं असं. १८६० नंतरच्या काही वर्षांत आगबोटीने अमेरिकेतून हौसेने आणलेल्या द्राक्षवेलींबरोबर एक किडा आला. टाचणीच्या डोक्याहून लहान. फिलॉक्सेरा त्याचं नाव. अमेरिकन वेलींना त्याची सवय होती. फ्रेंच वेलींच्या मुळांना तो लागला की वेल उभी वाळायची. दक्षिणेपासून सुरुवात होऊन वीस-पंचवीस वर्षांत त्याने फ्रान्सभर बागा झोपवल्या. सरकारने औषध शोधणाऱ्याला तीन लाख फ्रँकचं बक्षीस लावलं. बक्षीस लागलं की अक्कल फुटते हा जगभरचा अनुभव. कुणी बागा पाण्याखाली बुडवून ठेवल्या, कुणी मुळांत विषारी रसायनं टोचली, आणि दर वेलीखाली एक जिवंत बेडूक पुरावा असाही एक उपाय सुचवला गेला म्हणे. बेडकांचं मत कुणी घेतलं नाही. इकडे माँपेलिएच्या या प्लाँशाँसाहेबांनी १८६८ साली भिंगाखाली मुळं धरून गुन्हेगार पकडला, १८७३ साली खुद्द अमेरिकेत जाऊन आले, आणि उपाय पुढे आला तो असा की खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच डोळा. कलम. किडा ज्या घरातून आला त्याच घरची सून करून आणायची. आज फ्रान्सची बहुतेक सगळी द्राक्षं परक्या पायांवर उभी आहेत.

"आणि तासगावात?" मी विचारलं.

"तिथंबी अमेरिकनच. डॉग्रिज खुंट. पण तो किड्यासाठी नव्हे, खाऱ्या पाण्यासाठी आणि दुष्काळासाठी." बापूने पुन्हा एकदा पुतळ्याकडे पाहिलं आणि आम्ही जेवायला निघालो. वहिनी बहिणीकडे गेल्या होत्या. वहिनी घरी नसल्या की माणूस मित्राला बाहेर जेवायला नेतो, ही गोष्ट तासगाव काय नि माँपेलिए काय, सारखीच.

खानावळ लहान होती. सहा टेबलं. मेनूकार्ड नाही, भिंतीवर पाटी, पाटीवर खडूने पाच पदार्थ, त्यातले दोन संपलेले म्हणून पुसलेले. मी 'त्येल' मागवलं. सेत नावाच्या जवळच्या बंदरावरचा हा पदार्थ. करंजीसारखी कड मुरडलेली गोल, जाड पोळी आणि पोटात टोमॅटोच्या तिखटसर रश्शात शिजवलेला ऑक्टोपस. फार चांगला लागतो. आठ पायांपैकी माझ्या वाट्याला किती आले ते मोजलं नाही.

मग बापूने पोऱ्याशी बरीच सल्लामसलत करून बाटली मागवली. आमच्याकडे मुलगी पाहायला गेल्यावर इतके प्रश्न विचारत नाहीत. पोऱ्याने बूच काढलं, ग्लासात ओतलं, आणि मी दचकलो. वाइन गढूळ होती. पहिल्या पावसात विहिरीला येतं तसं पाणी.

"बापू, ही खराब झालीय."

"झाली न्हाई. आधी वास घे."

वास घेतला. आमच्या मामांकडे एक तांबडी गाय होती. तिची आठवण झाली. गायीची म्हणजे गायीच्या परिसराची. पण बापू पाहत होता, म्हणून मन घट्ट करून घोट घेतला, आणि त्या क्षणी, माँपेलिए शहरी, अवघ्या सात हजार किलोमीटरांवरून माझी आजी समोर येऊन उभी राहिली.

"अरे, हे द्राक्षासव आहे!"

माझी समजूत होती की बापू चिडेल. बापूने टेबलावर थाप मारली. "चाळीस वर्षं इथं लोकांना समजावून सांगतोय, तुला एका घोटात कळलं!" आणि मग त्याने मला 'नॅचरल वाइन' म्हणजे काय ते समजावलं.

वैद्य लोक आसव करताना द्राक्षाच्या काढ्यात धायटीची फुलं घालतात. त्या फुलांवरचं किण्व रस आंबवतं. तसंच द्राक्षाच्या सालीवर आणि वाइन करणाऱ्याच्या तळघरात किण्व मुळातच असतं. द्राक्षं चिरडून ठेवली की ते आपापलं कामाला लागतं. पण ते मनस्वी. कधी उत्तम वाइन, कधी व्हिनेगर. म्हणून मोठे कारखानदार गंधकाचा वायू देऊन या गावठी मंडळींना दाबून टाकतात आणि पाकिटातलं शिकलं-सवरलेलं किण्व नेमतात. शिवाय साखर, आम्ल, टॅनिन, गाळायच्या पावडरी. नॅचरलवाले म्हणतात, यातलं काही नको. द्राक्षं फवारणीची रसायनं न मारलेली, हातांनी तोडलेली, किण्व त्यांचंच, बाहेरचं काही घालायचं नाही. गंधक घातलाच तर शेवटी, नखभर. २०२० साली फ्रान्समध्ये अशा वाइनला 'व्हँ मेथोद नात्युर' असं नाव आणि शिक्का मिळाला. त्यात लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत गंधकाचं प्रमाण असावं लागतं. साध्या लाल वाइनला युरोपात १५० पर्यंत मुभा आहे.

"म्हणजे यात काहीच घातलेलं नाही?"

"काहीच नाही."

"आणि किंमत?"

"जास्त."

"काही न घालण्याचे जास्त पैसे?"

"बिनसाखरेच्या चहाला पुण्यात कमी घेतात का?"

यावर मी त्येलमध्ये तोंड खुपसलं. पण गंधकाचा विषय निघाल्यावर मला राहवेना. "तुझे वडील बेदाण्याला गंधकाची धुरी देत होते ना रे? आम्ही तुझ्या ट्रंकेतले चोरून खायचो ते?"

"देत होते की. त्याशिवाय पिवळा रंग राहत न्हाई." बापू जरा गप्प झाला. "तुला सांगतो, गंधक शत्रू न्हाई. डच व्यापारी कधीपासून पिंपात गंधकाची वात जाळायचे, त्याशिवाय वाइन बोटीतून जायची न्हाई. पास्टरनं १८६६ साली पुस्तक लिहिलं, वाइनला रोग कसे होतात त्यावर. वाइन थोडी तापवा म्हणाला. त्याचंही बरोबरच होतं. पोटाला मिळवायचं तर माल टिकला पाहिजे. पण टिकवता टिकवता लोकांनी काय काय घातलं, ते ऐक."

इथून पुढची गोष्ट मी नीट ऐकली, कारण तिच्यात बेदाणे होते.

फिलॉक्सेराने बागा मेल्या, पण फ्रेंच माणसाची तहान काही मेली नाही. मग ग्रीस-तुर्कस्तानातून गलबतं भरून बेदाणे येऊ लागले. गरम पाण्यात भिजवायचे, आंबवायचे, रंग द्यायचा, की झाली वाइन. ती कशी करावी याचं पुस्तक १८८० साली निघालं आणि घरोघरी खपलं. दुसरे हुशार लोक द्राक्षाच्या पिळलेल्या चोथ्यावरच साखरपाणी ओतून दुसरी, तिसरी वाइन काढत. आपण चहाच्या चोथ्यावर पुन्हा पाणी ओततो तसं, फक्त पाहुण्यांना पहिल्या चहाच्या भावाने. शेवटी १८८९ साली सरकारला कायदा करून सांगावं लागलं की 'वाइन' म्हणजे ताज्या द्राक्षांचा आंबवलेला पदार्थ. ज्या देशात येशूच्या आधीपासून वाइन पितात, त्या देशात वाइन कशाला म्हणावं हे १८८९ साली ठरलं. दरम्यान कलमी बागा धरल्या, अल्जीरियातून वाइन यायला लागली, आणि भेसळवाल्यांचा धंदा चालूच. १९०० नंतर भाव असे कोसळले की दक्षिणेतल्या शेतकऱ्याला पीक काढण्यापेक्षा न काढणं परवडू लागलं. आपल्याकडच्या कांद्याला हे समजावून सांगायला नको.

आर्जेलिए म्हणून नार्बोनजवळ एक खेडं आहे. तिथला मार्सेलँ आल्बेर. दोन-चार एकर बाग आणि एक कॅफे. हौशी नाटकात कामं करायचा, बोलायला एक नंबर. ११ मार्च १९०७ रोजी हा माणूस गावातले शेतकरी घेऊन चौकशी समितीला गाऱ्हाणं सांगायला पायी नार्बोनला निघाला. सगळे मिळून ८७. लोकांनी 'आर्जेलिएचे वेडे' म्हणून त्यांची टिंगल केली. पण मे महिन्यापासून दर रविवारी एकेका शहरात सभा भरू लागली आणि दर रविवारी माणसं वाढत गेली. नार्बोन, बेझिए, पर्पिन्याँ, कार्कासोन, नीम. आणि ९ जूनला इथे, माँपेलिएला.

"किती असतील?" बापूने विचारलं.

"पन्नास हजार?"

"कमीत कमी पाच लाख. आपण बसलोय तिथनं चौक दोन मिनिटांवर. तिथं मुंगीला जागा नव्हती. आणि फलकावर काय होतं माहीत आहे? व्हीव्ह ल व्हँ नात्युरेल! नैसर्गिक वाइन चिरायू होवो! आता ही बाटली बघून पॅरिसची पोरं म्हणतात, नवं फॅड आलंय."

नैसर्गिक म्हणजे त्यांच्या लेखी निर्भेळ. पाणी न घातलेली, साखर न घातलेली. नार्बोनचे मेयर फेरूल यांनी नगरगृहावर काळं निशाण लावून राजीनामा दिला. शेकडो गावच्या नगरपालिकांनी त्यांच्यामागे राजीनामे दिले. कर भरायचा नाही असं ठरलं. पॅरिसला पंतप्रधान होते क्लेमाँसो. त्यांचं टोपणनाव वाघ. वाघाने फौज पाठवली. १९ आणि २० जूनला नार्बोनमध्ये गोळीबार होऊन सहा माणसं मेली. त्यांत सेसिल बुरेल म्हणून वीस वर्षांची एक मुलगी होती. ती बाजाराला आली होती.

बापू ही गोष्ट सांगताना खात नव्हता. त्याच्या ताटातलं बदक गार होत चाललं होतं.

त्या भागात सतरावी पायदळ पलटण होती. सगळी पोरं आसपासच्या खेड्यांतली, म्हणजे ज्यांच्यावर बंदूक रोखायची ते काका-मामाच. गोळीबाराची बातमी कळताच त्यांतले पाचएकशे शिपाई आग्दच्या छावणीतून शस्त्रं घेऊन बाहेर पडले, रातोरात वीसेक किलोमीटर चालत बेझिएला आले, आणि तिथल्या झाडांखालच्या हमरस्त्यावर चक्क बसून राहिले. लोकांनी त्यांना पाव आणि वाइन दिली. निर्भेळच असणार. नंतर त्यांची रवानगी ट्युनिशियात गाफ्साच्या वाळवंटात झाली.

"आणि तो आल्बेर?"

"तो लपला होता. पकडायचं वॉरंट होतं. तर हा पठ्ठ्या लपतछपत पॅरिसला गेला, २३ जूनला थेट क्लेमाँसोपुढं जाऊन उभा राहिला. एकटा. कुणाला न विचारता. वाटलं, आपण नीट समजावून सांगितलं की ऐकेल. वाघानं त्याला झापलं. लोकांना शांत करतो म्हणून त्याच्याकडनं कबूल करून घेतलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. निघताना क्लेमाँसोनं विचारलं, परत जायला पैसे आहेत का? याच्याकडं नव्हते. क्लेमाँसोनं शंभर फ्रँकची नोट काढून दिली. यानं घेतली."

"बरं मग?"

"मग काय. तो गाडीत बसायच्या आत क्लेमाँसोनं पत्रकारांना बोलावून सांगितलं. तुमच्या पुढाऱ्याचं भाडं मी दिलं. पाच लाख माणसांचा पुढारी, शंभर फ्रँकांत संपला. गावात आला तर लोक मारायला उठले. शेवटी स्वतःहून तुरुंगात जाऊन बसला. पुढं अल्जीरियात गेला, परत आला, १९२१ साली गरिबीत मेला."

मी काही बोललो नाही. बापूला वाटलं, वाइन चढली. त्याने पोऱ्याला हाक मारून दुसरी बाटली मागवली. असा त्याचा उपचार.

आता दुधावरचं झाकण काढतो.

१९७४ साली आमच्या मेसमधलं दूध म्हणजे दुधाने डागळलेलं पाणी होतं. चहाचा रंग त्याने बदलत नसे, नुसता दुखावला जात असे. त्याविरुद्ध बहिष्कार पुकारला गेला, आणि मी गॅदरिंगमध्ये नाटकात काम केलेलं असल्यामुळे पुढारीपण माझ्याकडे आलं. 'निर्भेळ दूध मिळालंच पाहिजे!' ही घोषणा माझी. पहिल्या दिवशी जेवणावर नऊ जणांचा बहिष्कार होता, चौथ्या दिवशी सगळ्या वसतिगृहाचा. मग कुणीतरी बातमी आणली की आमच्यापैकी पाच जणांना काढून टाकणार आहेत. त्यात बापू होता. संस्थेचे चेअरमन जिल्ह्याच्या गावी राहत. मी कुणालाही न सांगता एस.टी.त बसलो. खिशात जाण्यापुरतेच पैसे होते; येण्याचा विचार केला नाही, कारण अठराव्या वर्षी माणूस फक्त जायचाच विचार करतो. चेअरमनसाहेबांनी मला बसवून चहा दिला. त्या चहातलं दूध इतकं दाट होतं की मी निम्मा हरलोच. पोरांना काढत नाही, बहिष्कार मागे घ्या, म्हणाले. मी हो म्हणालो. निघताना म्हणाले, "परत जायला भाडं आहे ना?" आणि पाच रुपयांची नोट पुढे केली. मी घेतली. शेवटची एस.टी. सुटायला आली होती हो!

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेनंतर रेक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "तुमच्या पुढाऱ्याला चेअरमनसाहेबांनी काल भाड्याचे पाच रुपये दिले. तेव्हा आता जेवायला बसा." झालं. पोरं जेवायला बसली. त्या दिवसापासून कॉलेज संपेपर्यंत माझं नाव 'पाचरुप्या' होतं. आजही त्या बॅचच्या लग्ना-मुंजीत कुणीतरी म्हातारा काठी टेकत येतो आणि नातवाला सांगतो, हे बघ, पाचरुप्याआजोबांना नमस्कार कर.

त्या सगळ्या वसतिगृहात मला नावाने हाक मारणारा एकटा बापू होता. त्या एका गोष्टीवर आमची एकोणपन्नास वर्षांची मैत्री उभी, निदान माझ्या बाजूने.

दुसरी बाटली आली. ही गढूळ नव्हती. स्वच्छ, जांभळट, जांभूळ आणि गुलाबाचा वास. "मॉर्गाँ," बापू म्हणाला, "बोजोले भागातलं गाव. लापिएरची आहे." आणि त्याने शोव्हेची गोष्ट सुरू केली. मी अर्ध्या कानाने ऐकत होतो, पण तेवढ्यात कळलं ते असं: ज्यूल शोव्हे म्हणून बोजोलेत वाइनचा व्यापारी होता, जन्म नेमका १९०७ चा. धंद्याने व्यापारी, वृत्तीने रसायनशास्त्रज्ञ. घरी सूक्ष्मदर्शक घेऊन बसायचा. गंधक न घालता वाइन करायची तर आळस उपयोगाचा नाही, द्राक्ष निवडताना एकही सडका मणी जाता कामा नये, थंडावा पाहिजे, आणि किण्व काय करतंय यावर रोज नजर पाहिजे, हे त्याने दाखवून दिलं. ऐंशीच्या सुमाराला त्याच भागातला मार्सेल लापिएर हा तरुण त्याच्या नादी लागला. वडिलांची बाग त्याने १९७३ साली हाती घेतली होती. औषधं मारून, खतं घालून काढलेली आपली वाइन त्याला स्वतःलाच पिववेना. त्याने आणि त्याच्या तीन दोस्तांनी जुन्या रीतीने वाइन करायला सुरुवात केली. शेजाऱ्यांनी वेड्यात काढलं. शोव्हे १९८९ साली गेला, लापिएर २०१० साली. आता बाग त्याची मुलं बघतात.

"म्हणजे काही न घालायचं तर जास्त राबावं लागतं," मी म्हणालो. बोलायचं म्हणून बोललो.

"तर! काही न करता नैसर्गिक होतं ते फक्त व्हिनेगर. मघाची बाटली थोडी तसलीच होती, खरं सांगायचं तर. तिच्यात वास होता गोठ्याचा. मी म्हटलं तुला कळतंय का बघू."

"मी सांगितलं होतं की खराब झालीय."

"पाहुण्याचं ऐकून बाटली परत पाठवायची व्हय?"

पोऱ्याने ताटं उचलली. बाहेर आता खरोखरीचा अंधार पडला होता, आणि अंधारात माणसाला जे विचारता येतं ते मी विचारलं.

"बापू, चेअरमनच्या त्या पाच रुपयांचं तुला काय वाटलं होतं रे?"

बापूने ग्लास खाली ठेवला. आल्बेरची गोष्ट मला सांगताना ती आपण कुणाला सांगतो आहोत हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते आत्ता आलं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

"वाटलं, विकला गेलास," तो म्हणाला. "आणि तेपण पाचात."

"तुला काढून टाकणार होते म्हणून गेलो होतो मी."

"ते मला दोन वर्षांनी कळलं. आणि…" तो बुचाशी खेळत राहिला. "पाचरुप्या हे नाव कुणी ठेवलं, माहीत आहे?"

"देशमुखाने."

"मी."

लोक म्हणतात, वाइनने माणसाची जीभ सैल होते. माझी टाळ्याला चिकटली.

"तू तर मला कधी त्या नावाने हाक मारली नाहीस!"

"कशी मारणार? रात्री एका खोलीत झोपायचं होतं. आणि पुढच्याच महिन्यात मेसमध्ये लॅक्टोमीटर आला, आठवतं? भिंतीला टांगला होता. कुलकर्णी आचारी त्याला रोज शिव्या द्यायचा. दूध सुधारलं. सगळे प्याले. मला वाटलं, जाऊन सगळ्यांना सांगावं. पण नाव तोवर गावात पोचलं होतं. चहावालासुद्धा तेच म्हणत होता."

मला एकदम विचारावंसं वाटलं, म्हणून विचारलं, "आल्बेर गेला त्याचं पुढे काय झालं? म्हणजे वाइनचं?"

"२९ जून १९०७ ला कायदा झाला. तो क्लेमाँसोला भेटल्यावर सहा दिवसांनी. पाणी घालण्याविरुद्ध, साखरेविरुद्ध. कुणी किती पीक काढलं ते जाहीर करायचं. अजून आहे तो नियम."

"म्हणजे लॅक्टोमीटर."

"लॅक्टोमीटर."

आम्ही दोघेही हसायला लागलो. साठी केव्हाच उलटलेले दोन काळे म्हातारे एका परदेशी खानावळीत डोळे पुसत हसताहेत हे पाहून पोऱ्याने तिसरी बाटली आणू का म्हणून खूण केली. बापूने बिल मागितलं.

बिल झालं एकशे चार युरो. मी पाकीट काढलं, बापूने माझा हात धरला. आमच्याकडे हॉटेलात बिलावरून जी झोंबाझोंबी होते ती फ्रेंच लोकांनी बहुधा पाहिली नसावी. शेजारच्या टेबलावरची बाई आपली खुर्ची जरा लांब सरकवून बसली. शेवटी बापूनेच पैसे दिले. मी त्याला म्हटलं, निदान वाइनचे तरी मला देऊ दे. तो म्हणाला, "गप बस."

सकाळची साडेसातची गाडी होती. चौकातून घराकडे चालताना, जिथे १९०७ साली मुंगीला जागा नव्हती तिथे, बापू एकदम थांबला.

"परतीचं तिकीट काढलंयस ना?"

"काढलंय."

"दाखव."

मी मोबाइलवर दाखवलं. त्याने दिव्याखाली जाऊन, चष्मा लावून, ते नीट वाचलं.